साठ रुपयांची मेथी

आमच्या कोथरूडच्या फ्लॅटला पूर्वेची बाल्कनी आहे, दहा फूट बाय चार. सकाळी सातला तिथं ऊन यायचं आणि साडेदहा-अकराला काढता पाय घ्यायचं. तेवढ्या उन्हावर वीसेक वर्षं पुदिना, ओवा, गवती चहा, मिरचीची दोन झाडं आणि सासूबाईंची तुळस मजेत नांदली. मग शेजारची तीन मजली सोसायटी पुनर्विकासाला गेली. आधी पत्रे लागले, मग वर्षभर धूळ, आणि दुसरा पावसाळा संपला तेव्हा पाहते तो बारा मजल्यांचा सांगाडा आमच्या आणि सूर्याच्या मधे उभा. आता ऊन येतं ते दहाला, त्या इमारतीच्या कडेवरून, जेमतेम पंचवीस मिनिटं. दुपारी समोरच्या काचांवरून उसनं ऊन आमच्या हॉलच्या फरशीवर पडतं. ते बघायला छान, झाडांच्या काही कामाचं नाही.

पहिली तक्रार तुळशीनं केली. पानं बारीक झाली, दोन पानांमधलं अंतर वाढलं, आणि फांद्या कठड्याबाहेर मान काढून कुणाची तरी वाट बघत असल्यासारख्या वाकल्या. मी खत घातलं, माती बदलली. सासूबाई खुर्चीत बसून सगळं बघत होत्या. म्हणाल्या, "अगं, तिला भूक लागलीय, आणि तू नुसतं पाणी पाजतेयस." चौऱ्याऐंशी वर्षांच्या बाईनं एका वाक्यात निदान केलं, मला ते समजायला पुढचे आठ महिने आणि बरेच पैसे लागले.

मी एका सहकारी बँकेत एकतीस वर्षं कर्जविभागात होते. लोकांच्या कागदातली खोट शोधण्यात आयुष्य गेलं. तरीही पहिला ग्रो लाईट, म्हणजे झाडं वाढवायचा दिवा, घेताना मी अगदी नवख्या गुंतवणूकदारासारखी फसले, हे आधीच सांगून टाकते. जाहिरातीत "१००० वॅट" असं ठळक लिहिलेलं, जांभळ्या उजेडात न्हालेली टवटवीत रोपं, किंमत दोन हजार तीनशेच्या आत. मागवला. लावला. घर जांभळं झालं. दुसऱ्या रात्री समोरच्या विंगेतल्या वहिनींचा फोन, "काही कार्यक्रम आहे का हो तुमच्याकडे?"

आमचे हे मात्र कार्यक्रमाला नाही, बिलाला घाबरले. "अगं, हजार वॅट म्हणजे तासाला एक युनिट! बारा तास लावलास तर महिन्याला तीनशे साठ युनिट. त्यापेक्षा मंडईत रिक्षानं जा आणि रिक्षानं ये, तरी स्वस्त पडेल." हिशेब बिनचूक होता. म्हणून मी प्लगमध्ये लावायचा वॅटमीटर आणला. भिंतीचा सॉकेट आणि उपकरण यांच्या मधे तो बसतो आणि खरोखर किती वीज ओढली जातेय ते दाखवतो. आकडा आला ४८. हजार नव्हे, अठ्ठेचाळीस! ह्यांना हायसं वाटलं, मला संताप आला. नंतर कळलं की हा या धंद्यातला जुना प्रकार आहे. दिव्यात शंभर चिप असतील आणि प्रत्येक चिपची कमाल सहनशक्ती दहा वॅट असेल, तर शंभर गुणिले दहा करून हजार छापायचे. प्रत्यक्षात त्या चिपमधून त्याच्या विसावा हिस्साच वीज सोडायची. कर्जदारानं शेताची किंमत सांगताना शेजारच्याचं शेतही मोजावं, तसं.

तो दिवा चार महिन्यांत मेला. विक्रेत्याला तीन वेळा लिहिलं, उत्तर आलं नाही. पण मरायच्या आधी त्यानं एक धडा दिला: जांभळ्या उजेडात पानांचा रंगच दिसत नाही. पुदिन्यावर मावा पडला होता आणि मला पत्ता नव्हता. पिवळं पान, काळं पान, किडकं पान, सगळी एकाच सुतकी रंगाची. ज्या उजेडात झाडाचा चेहरा दिसत नाही, तो उजेड घरात नको, एवढं तेव्हाच ठरलं.

माझा भाचा तळेगाव दाभाड्याला एका पॉलिहाऊसमध्ये काम करतो. दिवाळीत आला तेव्हा त्याच्यापुढे मी मेलेला दिवा ठेवला. त्यानं तो उलटापालटा करून पाहिला आणि विचारलं, "मावशी, तू झाडाला जेवायला घालणार आहेस की फक्त घड्याळ दाखवणार आहेस?"

मला वाटलं, टिंगल करतोय. पण ती खरीच दोन वेगळी कामं आहेत. शेवंती दिवस लहान झाला की फुलते. ती हवी तेव्हा फुलावी म्हणून पॉलिहाऊसवाले रात्री मधेच दिवे लावतात, म्हणजे झाडाला वाटतं अजून दिवस मोठा आहे, आणि ते वाढत राहतं. त्या कामाला मंद उजेड पुरतो, कारण झाडानं फक्त वेळ ओळखायची असते. पोट भरायचं असेल तर मात्र उजेड शेकडो पटींनी जास्त लागतो. शेतावर लागलेले पिवळे बल्ब बघून "दहा वॅटचा बल्ब लावला की झालं" असं आपल्याला वाटतं, ते या घोटाळ्यातून.

मग त्यानं माझ्या वहीवर हिशेब मांडला. आपण डोळ्यांसाठी उजेड लक्समध्ये मोजतो, आणि डोळ्याला हिरवट-पिवळा रंग सगळ्यात उजळ दिसतो. झाडाला त्याच्याशी देणंघेणं नाही; त्याला ४०० ते ७०० नॅनोमीटर तरंगलांबीचे, म्हणजे जांभळ्यापासून लालपर्यंतचे, प्रकाशकण मोजून हवेत. एका चौरस मीटरवर दर सेकंदाला किती कण पडले ते मायक्रोमोलमध्ये मोजतात, आणि दिवसभरात एकूण किती पडले त्याला म्हणतात डीएलआय, म्हणजे झाडाचा दिवसाचा शिधा. भर दुपारच्या उन्हात दर सेकंदाला दोन हजारांच्या आसपास मायक्रोमोल पडतात, आणि उघड्या गच्चीवर उन्हाळ्याच्या स्वच्छ दिवसाचा शिधा चाळीस मोलच्या घरात जातो (दहा लाख मायक्रोमोल म्हणजे एक मोल). लेट्यूसला बारा-पंधरा मोल मिळाले की ती खूश. टोमॅटोला वीस-तीस हवेत.

माझ्या बाल्कनीत किती? मी चौदाशे रुपयांचा लक्समीटर घेतला. (मोबाइलवरचं अॅप आधी वापरलं होतं, ह्यांचा फोन आणि माझा फोन एकाच जागी जवळजवळ दुपटीचा फरक दाखवायचे. तुलना करायला एकच फोन चालेल, हिशेबाला नाही.) सकाळी साडेनऊला आकडा आला २६००. नैसर्गिक उजेडासाठी लक्सला ५४नं भागायचं, म्हणजे मायक्रोमोल पन्नासच्या आत. दर तासाला एक नोंद करून दिवसाची बेरीज केली: दीड मोलसुद्धा नाही. ज्याला बारा पोळ्या लागतात त्याच्या ताटात दीड पोळी, आणि मी वर्षभर त्याला शेणखताचं लोणचं वाढत होते. सासूबाईंचं वाक्य तेव्हा आठवलं.

खरेदीला तपकीर गल्लीत गेले. पुण्यात विजेचं काहीही घ्यायचं तर तीच गल्ली, आणि तिथं गाडी लावायला जागा शोधायची तर दुसरा जन्म. पहिल्या दुकानात म्हटलं, "चार फुटी एलईडी बॅटन दाखवा, पण खोक्यावरचे ल्यूमेन बघून घेणार." पोरगा म्हणाला, "काकू, कुठल्या खोलीला?" म्हटलं, "मेथीला." तो आतल्या माणसाकडे वळला आणि आवाज न चढवता म्हणाला, "शेठ, तुम्हीच या."

शेठ मात्र मुरलेले होते. त्यांनी दोन बॅटन, म्हणजे ट्यूबसारखे लांब दिवे, समोर ठेवले, दोन्ही वीस वॅटचे. एकावर २००० ल्यूमेन (म्हणजे दिव्यातून निघणारा उजेड), दुसऱ्यावर २४००. फरक साठ रुपयांचा. "गिऱ्हाईक वॅट बघतं आणि पहिला नेतं," म्हणाले. मला एकदम बँकेत बसल्यासारखं वाटलं. वॅट म्हणजे उचललेलं कर्ज. त्यातून विहीर खणली की लग्न केलं, ते ल्यूमेनमध्ये दिसतं. वीस वॅट दोघांनीही उचलले. एकानं त्यातून वीस टक्के जास्त उजेड दिला. हा फरक बिलात कुठेही दिसत नाही, पण रोज बारा तास तो पानावर पडत राहतो.

खास झाडांसाठी केलेल्या दिव्यांवर ल्यूमेनऐवजी एक वेगळा आकडा असतो: एका ज्यूल विजेत, म्हणजे एक वॅट एक सेकंद वापरला तर, किती मायक्रोमोल. सगळ्या खरेदीत मला पटलेला आकडा हाच. साधा बॅटन, शंभर ल्यूमेन प्रति वॅटचा, साधारण दीडच्या आसपास येतो. जुने सीएफएल एकाच्याही खाली. चांगले पांढरे एलईडी पॅनल अडीचच्या पुढे, उत्तम असतील तर तीनपर्यंत. ज्या दिव्याच्या माहितीपत्रकात हा आकडाच नाही आणि नुसतंच "फुल स्पेक्ट्रम", "सूर्यासारखा" वगैरे लिहिलंय, तो मी यादीतून काढला. अकरापैकी सात गळाले.

रंगाचा प्रश्न भाच्यानं सोडवला. हरितद्रव्य लाल आणि निळा प्रकाश जास्त शोषतं, हे शाळेत शिकलेलं खरंच आहे, आणि जांभळे दिवे त्याच अर्ध्या वाक्यावर विकले जातात. पण शास्त्रज्ञ कीथ मॅक्री यांनी १९७२ साली बावीस पिकांच्या पानांवर मोजून दाखवलं होतं की हिरव्या उजेडातही पान बऱ्यापैकी काम करतं. शिवाय हिरवा उजेड वरच्या थरात सगळा न अडकता पानात खोल उतरतो. पांढरा एलईडी मुळात निळाच असतो, वर पिवळट फॉस्फरचा लेप दिलेला. त्यातून सगळे रंग मिळतात आणि मला मावाही दिसतो. केल्विन हे उजेडाच्या रंगछटेचं माप. ६५०० केल्विनच्या निळसर उजेडात रोपं बुटकी, घट्ट राहतात; ४००० केल्विनमध्ये लाल भाग थोडा जास्त. मी पॅनल ४०००चं घेतलं, बॅटन ६५००चे, कारण दुकानात तेच होते. खरं सांगते, या दोन कप्प्यांत रंगामुळे पडलेला फरक मला आजवर ओळखता आलेला नाही.

आता खरा हिशेब. जागा म्हणजे लोखंडी रॅकचे दोन कप्पे, प्रत्येकी चार फूट बाय दीड, म्हणजे अर्धा चौरस मीटर आणि थोडं वर. वरच्या कप्प्यात पालेभाजी आणि लेट्यूस. तिथं दर सेकंदाला दोनशे मायक्रोमोल तेरा तास मिळाले तर २०० गुणिले १३ गुणिले ३६००, म्हणजे दिवसाला नऊ मोलच्या वर. बाल्कनीतले दीड वरून मिळतातच. दिव्यातून निघालेला सगळा उजेड पानावर पडत नाही, तीसेक टक्के इकडेतिकडे सांडतो. हे सगळं धरून वरच्या कप्प्याला ६५ वॅटचं, ज्यूलमागे २.७ मायक्रोमोलवालं एक पॅनल पुरत होतं. तेवढाच उजेड शंभर ल्यूमेनवाल्या साध्या बॅटनमधून घ्यायचा तर सहा लागले असते, म्हणजे १२० वॅट.

पॅनल पाच हजार सहाशेला, सहा बॅटन दीड हजाराला. आमचे हे म्हणाले, "बॅटन घे, चार हजार वाचतील." इथं मी वीजबिल काढलं. आपल्याकडे लोक एकूण बिलाला एकूण युनिटनी भागून युनिटचा भाव काढतात आणि तिथंच चुकतात. पहिल्या शंभर युनिटांचा भाव कमी, एकशे एकपासून पुढे तो जवळजवळ दुप्पट, तीनशेच्या पुढे आणखी चढा. आमच्या घरातला फ्रीज, पंखे, गिझर, टीव्ही शंभर आधीच संपवतात. त्यामुळे मी नव्यानं लावलेल्या दिव्याचं प्रत्येक युनिट वरच्या भावानंच जाणार, सरासरीनं नाही. वहन आकार आणि वीज शुल्क धरून मी युनिटला बारा रुपये लावले. १२० आणि ६५ मधला फरक ५५ वॅट. रोज तेरा तासांनी महिन्याला साडेएकवीस युनिट. म्हणजे अडीचशे रुपयांवर. चार हजार सोळा महिन्यांत वसूल. पॅनलचं आयुष्य कागदावर पन्नास हजार तास होतं, आणि तेवढ्या तासांनंतर उजेड सत्तर टक्क्यांवर येईल असं लिहिलेलं. तेरा तासांनी ते दहा वर्षं होतात. ड्रायव्हर, म्हणजे दिव्याला हवी तशी वीज पुरवणारा भाग, त्याआधी जाईल हे मी गृहीत धरलंय, म्हणून ड्रायव्हर वेगळा काढून बदलता येईल असंच पॅनल पाहिलं. त्या जांभळ्या दिव्यात तो आतच गोंदानं चिकटवलेला होता.

खालच्या कप्प्याला हाच नियम लावला आणि उत्तर उलटं आलं. तिथं पुदिना आणि मायक्रोग्रीन्स (उगवल्यावर थोड्याच दिवसांत कापायची कोवळी रोपं), त्यांना उजेड कमी लागतो. दोन बॅटन म्हणजे चाळीस वॅट पुरे. तिथं बावीस वॅटचं भारी पॅनल लावलं असतं तर महिन्याला ऐंशीएक रुपये वाचले असते आणि किमतीतला फरक वसूल व्हायला अडीच वर्षांच्या वर लागली असती. ते सोडून दिलं. शेठकडचे २४०० ल्यूमेनवाले दोन घेतले.

एवढं सगळं करून पॅनल लावलं आणि लक्समीटर फिरवला. मधे १८ हजार, कडेला ९ हजार. पांढऱ्या एलईडीसाठी लक्सला सत्तरनं भागते मी, म्हणजे मधे अडीचशेच्या वर आणि कडेला सव्वाशे. कडेची लेट्यूस मधे झुकायला लागली. आणखी दिवा लावायची सुरसुरी आली होती, पण भाचा म्हणाला आधी सांडलेला उजेड गोळा कर. अॅल्युमिनियमची फॉईल चुरगळते आणि एकाच ठिकाणी कवडसा पाडते; सपाट पांढरं काहीतरी हवं. ते आमच्या चौकात भरपूर असतं. कुणाच्या तरी वाढदिवसाचा फ्लेक्स वादळात पडला होता, पाठ पांढरीशुभ्र. वॉचमननं आनंदानं दिला. मी तो कापून रॅकच्या तीन बाजूंना लावला, पांढरी पाठ आत, साहेबांचा हसरा चेहरा भिंतीकडे. कडेचे ९ हजार १२ हजारांवर गेले. शून्य वॅट, शून्य रुपये. घरी कुणी आलं आणि रॅक सरकवला की साहेब अजून हात जोडून दिसतात.

अंतराचं एकदाच सांगते: पॅनल आधी दीड फूट वर टांगलं, रोपं लांब सुटली, दहा इंचांवर आणलं, बसली. मिरचीचा शेंडा मात्र पॅनलपर्यंत पोचून करपला. तिची हकीकत पुढे आहे.

कोथिंबिरीनं मला वेगळीच गोष्ट शिकवली. धणे रगडून पेरले, नवव्या दिवशी उगवले, आणि मला वाटलं जास्त तास उजेड म्हणजे जास्त कोथिंबीर. सोळा तास लावले. पाचव्या आठवड्यात तिला बारीक चिरलेली पानं यायला लागली, मग मधून दांडा, मग पांढरी फुलं. दिवस मोठा झाला की कोथिंबीर फुलावर येते, आणि मी तिला घरात बसून युरोपातला उन्हाळा दाखवत होते. म्हणजे जेवायला घालता घालता मी घड्याळही चुकीचं दाखवलं. बारा तासांवर आणली तेव्हा पुढचा वाफा नीट झाला. वीज वाचली ती वेगळीच.

तासांसाठी काट्याचा टायमर आहे, चोवीस तासांची चकती, पंधरा मिनिटांच्या खुंट्या. स्वस्त आणि साधा. पण वीज गेली की तोही थांबतो. गुरुवारी दुरुस्तीसाठी तीन तास वीज गेली की तो तीन तास मागे, आणि पुढच्या गुरुवारी सहा तास. एकदा रात्री दोनला पाणी प्यायला उठले तर बाल्कनीत लख्ख पहाट. आता शुक्रवारी सकाळी चहा ठेवला की टायमर बघायचा, असा नेमच झालाय. बॅटरीवाला डिजिटल टायमर मिळतो. चारशे रुपयांसाठी मी अडून बसलेय असं नाही, शुक्रवारचा नेम आवडायला लागलाय.

वेळ कुठली, यावरही घरात चर्चा झाली. आमच्याकडे नवा टीओडी मीटर, म्हणजे वेळेप्रमाणे विजेचा भाव लावणारा, बसलाय, त्यात सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच वापरलेल्या विजेला युनिटमागे थोडी सवलत मिळते. म्हणून दिवे दिवसाच. मे महिन्यात मात्र नाही. दोन्ही कप्पे मिळून १०५ वॅट होतात, आणि एलईडी कितीही गार म्हटला तरी ओढलेली वीज शेवटी उष्णता होऊनच खोलीत राहते. स्वस्थ बसलेल्या माणसाच्या अंगातूनही शंभरेक वॅट उष्णता निघते. म्हणजे बंद बाल्कनीत दिवसभर एक पाहुणा बसवून ठेवल्यासारखं. मे महिन्यात लेट्यूस कडू झाली आणि माना टाकल्या. तेव्हापासून उन्हाळ्यात वरचा कप्पा संध्याकाळी सातनंतर आणि खालचा पूर्ण बंद, कारण मुलीच्या खोलीतल्या एसीनं त्या दोन महिन्यांत आमचं बिल तीनशेच्या उंबऱ्यावर आणलेलं असतं. तिथं ओलांडलेलं प्रत्येक युनिट आणखी महाग.

आता मेथी. मेथीवर माझा जीव. बाजारातल्या मेथीला माती, आमच्या मेथीला नाही, म्हणून मी वरच्या कप्प्याचा अर्धा भाग मेथीला दिला. पंचवीस दिवसांनी कापली, दोन जुड्या निघाल्या. सासूबाईंनी पिठलं-भाकरीबरोबर कच्ची खाल्ली आणि पहिल्यांदा दिव्याला बरं म्हणाल्या. रात्री मी वही उघडली. अर्धं पॅनल म्हणजे साडेबत्तीस वॅट, गुणिले तेरा तास, गुणिले पंचवीस दिवस: साडेदहा युनिट. सव्वाशे रुपये. जुडी साठ रुपयांना पडली, आणि त्या आठवड्यात भाजीवाल्या मावशी वीसला देत होत्या, वर कढीपत्ता फुकट.

मी ही गोष्ट दोन दिवस ह्यांना सांगितली नाही.

पण त्या आकड्यानं पुढची सगळी निवड बदलली. मी इतके दिवस दिवा निवडत होते. पीक निवडलंच नव्हतं. जगातलं सगळ्यात उत्तम पॅनल आणून मी त्याखाली वीस रुपयांची भाजी लावली होती. त्याच वहीत मग एकेका भाजीचं खातं उघडलं. मेथीचेच दाणे मायक्रोग्रीन्स म्हणून पेरले तर पहिले तीन दिवस झाकून अंधारात, मग सहा दिवस एका बॅटनखाली बारा तास. दीड युनिटही नाही, सतरा रुपयांत एक ट्रे, आणि कोशिंबिरीला चार दिवस पुरतो. मोहरी आणि मुळ्याचंही तसंच. लेट्यूस पूर्ण उपटायची नाही, बाहेरची पानं खुडत राहायची. एक झाड महिना-दीड महिना देतं. इटालियन बेसिल कोपऱ्यावरच्या दुकानात चिमूटभर पानांना चाळीस रुपये घेतात, ती रॅकवर दर आठवड्याला खुडावी लागते, नाहीतर फुलावर येते. हे तिघं राहिले. मेथी गेली. पालक गेला. टोमॅटोचा विषय लेकीनं काढला होता. त्याला शिधा दुप्पट आणि फळ यायला तीन महिने, मी तिला वहीच दाखवली.

मिरची आणि ओवा गच्चीवर गेले. सोसायटीच्या सभेत त्यावर पाऊण तास चर्चा झाली, वॉटरप्रूफिंगचा मुद्दा निघाला, शेवटी चार कुंड्यांना, खाली ताटल्या ठेवायच्या अटीवर, परवानगी मिळाली. करपलेल्या शेंड्याच्या खालून मिरचीला दोन फुटवे आले आणि तिसऱ्या आठवड्यात कळ्या. वर चाळीस मोल फुकट पडतात. फक्त पाणी घालायला रोज दोन जिने चढावे लागतात, तो खर्च मी अजून वहीत धरलेला नाही.

तुळशीचा प्रश्न वेगळा होता, कारण तो हिशेबाचा नव्हता. मी कुंडी पॅनलखाली ठेवली, नवी पानं आलीही. पण सासूबाई म्हणाल्या, "पानं आली गं, पण ती सूर्याला बघत नाही. मी सकाळी पाणी घालते ते कुणाकडे बघून घालू? त्या पांढऱ्या पाटीकडे?" यावर मायक्रोमोल काढण्यात अर्थ नव्हता. मग एकाच्या दोन तुळशी केल्या. एक आठ दिवस गच्चीवर, दुसरी घरात, रविवारी अदलाबदल. घरातली रॅकवर नाही, दहाच्या त्या पंचवीस मिनिटांच्या उन्हात, कठड्याच्या कोपऱ्यात असते. सासूबाईंचं पाणी आता सातऐवजी दहाला पडतं.

गेल्या महिन्याचं बिल आलं तेव्हा ह्यांनी चष्मा लावून मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी ताडून पाहिलं. अडतीस युनिट जास्त. "साडेचारशे रुपयांचा पाला," म्हणाले. मी वॅटमीटर आणला आणि गिझरच्या सॉकेटकडे बघितलं. तो मोठ्या पिनचा, त्यात माझा मीटर बसत नाही. पण गिझरवर छापलेलं आहे, दोन हजार वॅट. ह्यांच्या आंघोळीआधी तो अर्धा तास चालू असतो, कारण बटण दाबून हे पेपर वाचायला बसतात. रोजचं एक युनिट. "म्हणजे तुमची आंघोळ तीस युनिटांची," मी म्हटलं, "आणि त्यातून कोशिंबीर होत नाही."

दुसऱ्या दिवशी पेपर गिझरच्या आधी वाचून झाला होता. किती मिनिटं वाचली ते मी विचारलं नाही, पुढचं बिल आलं की वहीत दिसेलच.